चवथीचे (गणपतीचे) पैसे रोजच्या खर्चातून कसे बाजूला काढता? (अनुभव धागा)

घाटपायथा

आज वाण्याकडे काजूची बी घालायला गेले होते. मोसमातली शेवटची, पावसाच्या आधी झाडाखालून वेचलेली. वजन झालं आणि दुकानातल्या काकांनी विचारलं, "रोख देऊ की चवथीला सामान नेतेस?" मी काट्यासमोर तशीच उभी राहिले. त्यांचे वडील माझ्या आईला हेच विचारायचे.

आई रोख कधी घ्यायची नाही. त्यांच्या वहीत तिचं एक पान असायचं. बीचे पैसे त्या पानावर जमा, आणि चवथीच्या आधी त्याच पानावरून गूळ, रवा, तेल, चहापावडर, वाती, कापूर. नारळांचे पैसे मूर्तीचे. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, पाट पोचवला की त्यातून थोडे आगाऊ द्यायची, उरलेले मूर्ती आणताना. कोकमाच्या सोलांचे पैसे मुंबईहून येणाऱ्या माणसांच्या जेवणाखाणाचे. अंड्यांचे पैसे दक्षिणेला आणि आरतीच्या तबकाला. श्रावणात मासळी बंद, तर तिचे वाचलेले पैसेही बाजूला. प्रत्येक पैशाला आधीच काम नेमून दिलेलं, त्यामुळे एकातला दुसरीकडे जायचा नाही. बाबांच्या पगाराला चवथीसाठी हात लावलेला मला आठवत नाही.

मी नोकरी करते, पैसे तिच्यापेक्षा जास्त येतात, आणि तरी दर वर्षी ओढाताण. गेल्या वर्षी चवथ 27 ऑगस्टला, म्हणजे ऐन महिनाअखेर. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती 14 सप्टेंबरला आहे. ऑगस्टचा पगार हातात येऊन चवथ येणार आणि साठवायला आठवडेही जास्त मिळणार. म्हणून आत्ताच विचारते. तुमच्या घरी कसं करायचे आणि तुम्ही कसं करता? लहानसहान गोष्टीही सांगा.

(काकांना मी "वहीत ठेवा" म्हटलं. त्यांनी नवीन पान काढलं.)

---

दिवा_ते_सावंतवाडी

छान विषय ताई. आम्हा चाकरमान्यांचं गणित चवथीच्या दोन महिने आधीच सुरू होतं. रेल्वेचं आरक्षण आधी 120 दिवसांवर होतं, नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवसांवर आलं. म्हणजे 12 सप्टेंबरला निघायचं तर 14 जुलैला तिकिटाचे पैसे तयार हवेत. जाण्याचे, आणि पाठोपाठ येण्याचे. जूनमध्ये मुलांच्या वह्यापुस्तकांनी खिसा रिकामा झालेला असतो आणि लगेच हे. म्हणून माझा गणपतीचा हिशोब तिकिटापासून सुरू होतो, मोदक फार नंतर.

जानेवारीपासून स्टेशन ते घर रिक्षा बंद. चालत जातो. ते पैसे रोज रात्री बायकोच्या हातात देतो, कारण माझ्याकडे राहिले तर खर्च होतात. ती वेगळ्या खात्यात टाकते, आणि त्या खात्याचं कार्ड काढलेलंच नाही. डबाही घरून. कँटीनचा वडापाव फक्त शुक्रवारी, सगळ्यांबरोबर, कारण तो सोडवत नाही.

आईबाबा पंचाहत्तरीच्या पुढचे, त्यांना एसटी मोफत. बायकोला अर्धं तिकीट. त्यामुळे गेल्या वर्षापासून ते तिघे चार दिवस आधी एसटीने जातात, मी आणि मुलं नंतर रेल्वेने. पैसे वाचतात आणि घरही आधी उघडलं जातं, झाडलोट होते.

---

माडबाग

वाचतेय. सगळ्यांनी लिहा.

---

रिक्षावाल्याची_लेक

आमच्या पप्पांची रीत. सकाळची भवानी, म्हणजे पहिलं भाडं, जे काय मिळेल ते घरी आल्यावर देवाजवळच्या पत्र्याच्या डब्यात. दहा मिळाले तर दहा, लांबचं भाडं मिळालं तर ते सगळं. मम्मी म्हणायची, अहो लांबचं तरी घरात वापरूया. पप्पा ऐकायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, भवानी देवाची. नारळी पौर्णिमेला डबा उघडायचा, आम्ही भावंडं जमिनीवर बसून नोटा सरळ करायचो. मला त्या ओल्या नोटांचा वास अजून आठवतो, पावसाळ्यात पप्पांच्या खिशात भिजलेल्या असायच्या.

आता बरीच भाडी मोबाइलवर येतात. तर पप्पा संध्याकाळी पहिलं भाडं किती होतं ते बघून तेवढी नोट डब्यात टाकतात.

---

पाटी_आणि_बर्फ (मालवण)

तुमी सगळे श्रावणात मासळी बंद म्हणान पैसे वाचवतास. आमची होडी तेव्हाच पाण्यात जाता. 1 जून ते 31 जुलय यांत्रिक बोटींका बंदी, नारळी पुनवेक समुद्राक नारळ देवन धंदो सुरू होता, आणि मासळी इली तर गिऱ्हाईक श्रावण पाळता. मगे चतुर्थी. म्हणजे लोकांची बचत आणि आमची मंदी एकाच वेळेक.

म्हणान आमचे चतुर्थेचे पैसे शिमग्याच्या आधीच उभे करूचे लागतत. बाजारात बसतंय तेव्हा पयले बर्फाचे पैसे बाजूक, मगे टेम्पोचे, मगे चतुर्थेचे. उरला ता घरात. बर्फाचे पैसे कोण ठेवूक इसरता काय? नाय. तसाच ह्या. ज्या दिवशी नुकसान त्या दिवशी पण वीस रुपये तरी जातत.

आणि मे म्हयन्यात सुकी मासळी करतंय. बांगडे, सुंगटा (कोळंबी). घरच्या आगोटीक (पावसाळ्याच्या बेगमीक) लागतत ती ठेवन बाकीची इकतंय. ते पैसे जून-जुलयच्या घरखर्चाक, चतुर्थेच्या पैशाक हात लावचा नाय म्हणान.

---

घाटपायथा

ताई, हे आमच्या डोक्यातच येत नाही. आमच्याकडे आई श्रावणाचे मासळीचे पैसे बाजूला ठेवायची. ते पैसे कुणाच्या तरी घरात तेव्हा जात नव्हते, हे आज तुमच्यामुळे कळलं. लिहिलंत ते फार बरं झालं.

---

चिपळूणकर_दादा

सुंगटा कशी दिली यंदा? आम्हाला चिपळुणात मिळतात ती खारट फार, वाळू पण असते. आणि सोडे तर आता सोन्याच्या भावाने.

---

पाटी_आणि_बर्फ (मालवण)

दादा, घेताना चोळून बघा, वाळूवर सुकवलेली असतत ती हाताक लागतत. जाळ्यावर नायतर मांडवावर सुकवलेली घ्या. घरी आणल्यावर परत एक ऊन दाखवा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. पावसात बरणी सारखी उघडू नका.

---

गटाची_वही (गुहागर)

आमच्या बचत गटाचं सांगते. महिन्याची शंभर रुपयांची बचत होतीच, पण तिच्यातून कर्जं वाटली जातात, त्यामुळे गणपतीला ती मोकळी नसते. मग आम्ही दुसरी छोटी बचत सुरू केली, आठवड्याला पन्नास. शिमगा झाला की पहिला हप्ता, श्रावणात वाटप. ह्या पैशातून कर्ज द्यायचं नाही, कितीही कुणाची अडचण असली तरी. हा नियम करताना खूप वाद झाला. एकीच्या घरी आजारपण होतं. तिला आम्ही पहिल्या बचतीतून दिलं, हिला हात लावला नाही.

वाटपातही पूर्ण रोख देत नाही. सगळ्यांचं सामान एकत्र लिहून काढतो आणि ठोक बाजारातून आणतो. तेलाचा 15 लिटरचा डबा तिघींत, गुळाची ढेप फोडून, रवा-साखर गोणीने. तेलाचे भाव सप्टेंबर 2024 मध्ये आयात शुल्क वाढल्यावर चढले, त्या वर्षी चवथ 7 तारखेला होती म्हणून गणपती आधी सुटला, पण दिवाळीला झळ बसली. तेव्हापासून तेल जुलैतच घेऊन ठेवतो.

वजन करायला गटातली सगळ्यात कडक बाई बसवतो. ती स्वतःच्या जावेलाही दहा ग्रॅम जास्त देत नाही.

---

पालखीचा_भोई

गुहागर म्हणजे आमच्याच बाजूचं. पण ताई, आमच्याकडे गणपतीपेक्षा शिमग्याला खर्च जास्त. पालखी घरी येते, ग्रामदेवता दारात, माहेरवाशिणी येतात, ओटी, जेवण. तुमचा पहिला हप्ता शिमग्यानंतर, तेव्हा आमच्या हातात काही नसतं.

---

गटाची_वही (गुहागर)

म्हणूनच पन्नास ठेवलेत हो. आमच्यातल्या दोघी पहिला महिना वीसच देतात, मे महिन्यात आंबा-काजूचे आले की भरून काढतात. वहीत तसं लिहिलेलं असतं.

---

थोरल्या_घरची_सून

मी पहिल्यांदाच लिहितेय, थोडं मोठं होईल.

आमचा गणपती भावकीचा, एकाच घरात बसतो, पाच दिवस. आम्ही गावाला राहतो, बाकी सगळे मुंबई-पुण्याला. दर वर्षी खर्चाची वाटणी होते. मूर्ती, भटजी, किराणा, सजावट, सगळं समान. कुणी पैसे बुडवत नाही, माणसं चांगली आहेत. पण त्या वाटणीत काय काय येत नाही ते मला माहीत आहे. त्या महिन्याचं विजेचं बिल. गॅसचा जास्तीचा सिलिंडर. दूध. घर रंगवलं त्याचा चुना. गणपतीच्या आधी शेणाने सारवलेलं खळं, चादरी धुतल्या तो साबण. आणि सगळे परत गेल्यावर प्रत्येकाच्या पिशवीत घातलेले नारळ, तांदूळ, कोकम. ते मी आनंदाने देते, रिकाम्या हाताने कुणी जाऊ नये असंच वाटतं. पण मी वर्षभर ह्याच्यासाठी वाचवते हे कुणाला दिसत नाही. स्वतःला साडी घ्यायची तर मी गणपती होऊ दे म्हणते. चहात दूध कमी घालते आणि उरलेलं विकते.

गेल्या वर्षी मुंबईच्या धाकट्या जावेने स्वतःहून विचारलं, वहिनी, लाइटबिल कुठे लिहिलंय? मला रडूच आलं. तिने मग वहीत नवीन रकाना केला, "घराचा खर्च", आणि दर महिन्याला सगळ्या घरांनी तीनशे रुपये माझ्या खात्यावर टाकायचे ठरवलं. जानेवारीपासून येतायत. त्यातून मी आत्ता कौलं फिरवून घेतली.

---

माडबाग

वहिनी, तुमचं वाचून मी आत्ता माझ्या गावच्या काकीला फोन केला. आम्ही आजवर वर्गणी देऊन मोकळे व्हायचो. तीनशेचं आजच घरात बोलते.

---

दिवा_ते_सावंतवाडी

वहिनी, नमस्कार तुम्हाला. आमच्या भावकीच्या ग्रुपवर तुमचं लिहिलेलं पाठवू का? नाव-गाव काही नाहीये त्यात.

---

थोरल्या_घरची_सून

पाठवा दादा.

---

वाडीचा_पखवाज

आमच्या वाडीत भजनाच्या खाण्यावरून घरं कर्जात जायला लागली होती. आधी चहा आणि चुरमुरे. मग एका घरी उसळपाव झाला, दुसऱ्याने भजी केली, पुढच्या वर्षी कुणी पुलाव. ज्याची ऐपत नाही तोही मागे राहायला तयार नाही, कारण भजनी मंडळी दारात आली आणि रिकामी गेली तर वाईट वाटतं. वाडीत सगळे मिळून पन्नासेक माणूस फिरतं, रोज रात्री.

शेवटी देवळात बैठक झाली. म्हाताऱ्यांनीच विषय काढला. ठरलं की प्रत्येक घरी काळ्या वाटाण्याची उसळ नाहीतर लाडू, आणि चहा. दोन पदार्थ कुणी करायचे नाहीत. ज्याला हौस आहे त्याने जास्तीचे पैसे मंडळाच्या पेटी-पखवाजाला द्यावेत. पहिल्या वर्षी कुरबुर झाली. आता पखवाजाला नवीन शाई भरून झाली, झांजा नवीन आल्या, आणि आरत्या उशिरापर्यंत चालतात कारण खाण्यात वेळ जात नाही. माझ्या मते घरातल्या काटकसरीपेक्षा वाडीने मिळून ठरवलेलं जास्त टिकतं. एकट्याने कमी केलं तर लाज वाटते, सगळ्यांनी केलं तर ती रीत होते.

---

हरणाची_फुलं

सजावटीवर माझं घर काहीच खर्च करत नाही आणि माटवी (गणपतीवर टांगतात ती पानाफळांची चौकट) आमचीच बघायला लोक येतात! आंब्याचे टाळे, कवंडळं, कांगण्या, शेरवडाची पांढरी पानं, तेरडा, सुपारीचे घड, नारळ. आदल्या दिवशी मुलांना घेऊन रानात. थर्माकोल 2018 पासून बंद झाला तेव्हा बाजारात लोक हळहळत होते, आमच्याकडे तो कधी आलाच नाही.

पण एक सांगायचंय. तणनाशक मारतात त्यामुळे बांधावरची हरणाची फुलं कमी झालीयत. आम्हाला आता वरच्या कातळाच्या सड्यापर्यंत जावं लागतं. बांधावर तरी मारू नका रे कुणी.

---

चिपळूणकर_दादा

मोदकाचं पीठ विकतचं घेता की घरचं? विकतचं फार महाग पडतं.

---

हरणाची_फुलं

घरचंच. तांदूळ धुवून सावलीत वाळवायचे, चक्कीवर बारीक दळून आणायचे. आदल्याच्या पिठात मिसळू नये म्हणून आमचा चक्कीवाला चवथीच्या आधी एक दिवस फक्त तांदूळ दळतो. तुमच्याकडे पण विचारा.

---

नव्या_सुपाची_आई

मुलीचं लग्न फेब्रुवारीत झालं, यंदा तिचा पहिला ओवसा, म्हणजे लग्नानंतर गौरीला सुपं भरून पुजायची रीत. सुपं, फळं, पानसुपारी, साडी, जावयाच्या घरची माणसं. लग्नाचं अजून फिटतंय. सुपं आठवडा बाजारात आत्ताच घेऊन ठेवली, गौरीच्या तोंडावर दुप्पट सांगतात. साडीसाठी मी आणि शेजारीण भिशी लावतोय, ती मला ऑगस्टची पाळी देणार आहे. तिची मुलगी अजून लहान आहे, ती म्हणाली, माझ्या वेळेला तू सोड. एवढं धरून बसलेय.

---

गटाची_वही (गुहागर)

ताई, काळजी करू नका. सुपं टांगून ठेवा पण चुलीच्या वर नको, काळी पडतात. माळ्यावर पेपरात गुंडाळून.

---

पाटी_आणि_बर्फ (मालवण)

गो बाय, चेडवाचो पयलो ओवसो, सगळा बरा होतला.

---

पालखीचा_भोई

दिवावाले दादा, 14 जुलैला किती वाजता उघडतं बुकिंग? मुलगा मुंबईला नवीनच लागलाय, त्याला सांगायचंय.

---

दिवा_ते_सावंतवाडी

सकाळी 8 वाजता. त्याचं रेल्वे तिकिटाचं ऑनलाइन खातं आधारशी जोडलेलं आहे का ते आत्ताच बघायला सांगा, सुरुवातीच्या वेळात आधार जोडलेल्या खात्यांनाच ऑनलाइन तिकीट मिळतं. नाही मिळालं तर गणपती स्पेशल गाड्या जाहीर होतात त्यांच्यावर लक्ष ठेवू दे. आणि एकटाच असेल तर मला सांगा, आमच्या वाडीची माणसं मिळून एसटी ठरवतात, त्यात एखादी जागा असते.

---

पालखीचा_भोई

एकटाच आहे. चिपळूणला उतरवाल ना?

---

दिवा_ते_सावंतवाडी

हो, जेवायला तिथेच थांबते गाडी.