आयबीएम एमक्यू: क्लस्टर चॅनलची माहिती नेमकी कोणत्या कमांडने बघायची? सल्ला हवाय

रात्रपाळी_पुणे

नमस्कार मंडळी. एमक्यूच्या सपोर्टमध्ये येऊन मला आठ महिने झाले. त्याआधी जावा लिहायचो, तेव्हा मेसेज टाकला की पलीकडे पोचतो एवढंच एमक्यू ठाऊक होतं.

आमच्या क्लस्टरमध्ये (एकमेकांना जोडलेल्या गटात) सहा क्यू मॅनेजर, म्हणजे मेसेजच्या रांगा सांभाळणारे प्रोग्राम, आहेत. त्यातले दोन फुल रिपॉझिटरी, म्हणजे क्लस्टरची पूर्ण माहिती ठेवणारे. माझ्याकडे पुण्याचा आहे, तो साधा. शनिवारी ठाण्याच्या टीमने त्यांचा क्यू मॅनेजर नव्या सर्व्हरवर हलवला. सोमवारी रात्री पावणेतीनला अलर्ट आला: सिस्टिम.क्लस्टर.ट्रान्समिट.क्यू (बाहेर जाणाऱ्या मेसेजची रांग) ची डेप्थ, म्हणजे साचलेल्या मेसेजची संख्या, वाढतेय. ठाण्याला जाणारे सगळे मेसेज माझ्याकडेच पडून.

आता माझा गोंधळ. मेसेज एका क्यू मॅनेजरकडून दुसऱ्याकडे चॅनलने जातात, ठाण्याकडे जाणारा तो टू.ठाणे. रनएमक्यूएससी (एमक्यूला कमांड द्यायचं टूल) मध्ये जाऊन डिस्प्ले चॅनल(टू.ठाणे) दिलं, तर एएमक्यू८१४७, ऑब्जेक्ट सापडला नाही. आणि डिस्प्ले सीएचस्टेटस(टू.ठाणे) दिलं, तर तोच चॅनल रिट्रायिंग! जो चॅनल अस्तित्वातच नाही तो रिट्राय कसा करतोय?

ठाण्याची टीम म्हणते आमच्याकडून चॅनल रनिंग दिसतात, अडचण तुमच्याकडे आहे. आमचे सीनियर म्हणतात, सरळ रिफ्रेश क्लस्टर मार. रात्री तीन वाजता एवढी मोठी कमांड द्यायला हात धजावला नाही, म्हणून इथे विचारतोय. क्लस्टरचे चॅनल बघायला तुम्ही काय वापरता आणि ते वाचता कसं?

---

निळीशाई

थांबलात ते फार बरं केलंत. रिफ्रेशचं नंतर बोलू, आधी कोडं सोडवू या.

डिस्प्ले चॅनल फक्त हाताने डिफाइन केलेले चॅनल दाखवते. क्लस्टरमध्ये एका क्यू मॅनेजरकडून दुसऱ्याकडे जाणारे बहुतेक सेंडर चॅनल कुणीच डिफाइन करत नाही. गरज पडली की क्यू मॅनेजर ते स्वतः तयार करतो. त्यांची डेफिनिशन बघायची कमांड वेगळी आहे:

डिस्प्ले क्लसक्यूएमजीआर(*) ऑल

नाव क्यू मॅनेजरचं असलं तरी क्लस्टर चॅनलची खरी वही हीच. एकेका क्यू मॅनेजरसाठी चॅनलचं नाव, कॉननेम (पलीकडचा पत्ता आणि पोर्ट), स्टेटस, डेफटाइप, क्यूएमटाइप, सस्पेंड, क्लसडेट, क्यूएमआयडी, सगळं एका जागी येतं. ऑल खूप लांब वाटलं तर हवं तेवढंच मागा:

डिस्प्ले क्लसक्यूएमजीआर(*) चॅनल डेफटाइप क्यूएमटाइप स्टेटस कॉननेम सस्पेंड

आणि फक्त अडकलेले हवे असतील तर शेवटी व्हेअर(स्टेटस ईक्यू रिट्रायिंग) लावा.

पहिली नजर डेफटाइपवर टाका. क्लसएसडीआरए म्हणजे आपोआप तयार झालेला सेंडर, तुमचा टू.ठाणे असाच असणार. क्लसएसडीआरबी म्हणजे हाताने डिफाइन केलेला होता आणि पलीकडून ओळख पटून आपोआपची माहितीही येऊन मिळाली. फुल रिपॉझिटरीकडे जाणारा तुमचा चॅनल असा दिसला तर ठीक. नुसतं क्लसएसडीआर दिसत असेल तर रिपॉझिटरीशी बोलणंच अजून झालेलं नाही. तेव्हा क्यू मॅनेजरच्या नावाच्या जागी सिस्टिम.टेम्पक्यूएमजीआर ने सुरू होणारं नाव दिसतं. क्लसआरसीव्हीआर ही तुमची स्वतःची ओळ.

ठाण्याच्या ओळीतलं कॉननेम इथे टाका. आकडे अर्धे झाका, पण टाका.

---

मेनफ्रेमकाका

निळीशाई ताईंनी मुद्द्यालाच हात घातला. मी फक्त स्टेटसबद्दल थोडं सांगतो, कारण नवी मुलं तिथे हमखास घाबरतात.

सीएचस्टेटस ने 'चॅनल स्टेटस सापडला नाही' म्हणून एएमक्यू८४२० दिला, म्हणजे बिघाड झाला असं नाही. डिस्कइंट ची मूळ किंमत ६००० सेकंद. म्हणजे शंभर मिनिटं काही काम आलं नाही तर चॅनल स्वतःहून बंद होतो. क्लसक्यूएमजीआर मध्ये तो इनअ‍ॅक्टिव्ह दिसतो. मेसेज आला की उठतो. इनअ‍ॅक्टिव्ह असताना क्यूत मेसेज साचत असतील तर मात्र बघायला हवं.

स्टॉप्ड म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी हाताने थांबवलाय. तो आपणहून उठणार नाही, स्टार्ट चॅनल द्यावंच लागतं.

रिट्रायिंग म्हणजे तो फोन लावतोय आणि पलीकडे कुणी उचलत नाही. मूळ सेटिंगमध्ये आधी साठ-साठ सेकंदांनी दहा प्रयत्न होतात. मग लाँग रिट्राय, दर १२०० सेकंदांनी एक. हे लक्षात ठेवा, कारण दुरुस्ती केल्यावरही वीस मिनिटं काही हलत नाही आणि माणूस घाबरून आणखी चार गोष्टी बदलतो. मी स्वतः एका दिवाळीत हेच केलं होतं. पहिली दुरुस्ती बरोबर होती. पुढच्या तीन चुकीच्या बदलांनी सकाळ खाल्ली.

आणखी एक. साध्या क्यू मॅनेजरवर ही कमांड दिली तर सहाच्या सहा दिसतीलच असं नाही. ज्यांच्याशी त्याचा संबंध आला तेवढेच त्याला माहीत असतात. पूर्ण चित्र हवं असेल तर हीच कमांड फुल रिपॉझिटरीवर चालवा आणि दोन्हीकडची ओळ शेजारी-शेजारी ठेवा.

---

रात्रपाळी_पुणे

खूप आभार दोघांचे. ही माझ्याकडची ओळ, नावं बदलून:

क्लसक्यूएमजीआर(क्यूएम.ठाणे)
चॅनल(टू.ठाणे)
डेफटाइप(क्लसएसडीआरए)
क्यूएमटाइप(नॉर्मल)
कॉननेम(….४१(१४१४))
सस्पेंड(नो)
स्टेटस(रिट्रायिंग)

फुल रिपॉझिटरीवरही चालवली, काकांनी सांगितल्याप्रमाणे. तिथेही शेवट .४१, तिथेही रिट्रायिंग. नेटवर्कच्या मुलाला विचारलं तर म्हणाला .४१ हे ठाण्याचं जुनं मशिन, शनिवारीच बंद केलं. नवं .८७ आहे.

म्हणजे पत्ता जुना आहे हे कळलं. पण बदलू कुठे? अल्टर चॅनल(टू.ठाणे) करायला माझ्याकडे चॅनलच नाही!

---

कोकणकडा

माझ्या मते टू.ठाणे नावाचा क्लसएसडीआर तुम्हीच हाताने डिफाइन करा, नवा पत्ता देऊन. पाच मिनिटांचं काम. आम्ही मागे एकदा असंच निभावलं होतं.

---

निळीशाई

कोकणकडा, तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही, पण कृपया हे करू नका. हाताने क्लसएसडीआर फक्त फुल रिपॉझिटरीकडे जायला डिफाइन करायचा असतो. ठाणे फुल रिपॉझिटरी नाही. शिवाय पलीकडची माहिती मिळाली की आपोआपची डेफिनिशन तुमच्या हाताने दिलेल्या पत्त्यावर मात करते, म्हणजे चॅनल पुन्हा .४१ कडेच जाईल. आणि सहा महिन्यांनी ती अनाथ डेफिनिशन बघून कुणीतरी दुसराच डोकं खाजवत बसेल.

रात्रपाळी, तुमच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे: आपोआप तयार झालेल्या सेंडरला पत्ता मिळतो कुठून? पलीकडच्या क्यू मॅनेजरच्या क्लस्टर रिसीव्हर चॅनलमधून. साध्या जोडणीत रिसीव्हरला कॉननेम लागत नाही, म्हणून सवयीने त्याकडे लक्ष जात नाही. क्लस्टरमध्ये मात्र क्लसआरसीव्हीआर मधलं कॉननेम म्हणजे 'मला इथे येऊन भेटा' अशी जाहीर सूचना असते. तो क्यू मॅनेजर ती फुल रिपॉझिटरींना कळवतो आणि त्या ज्याला गरज आहे त्याला पोचवतात.

ठाण्याने मशिन बदललं, पाटी बदलली नाही. म्हणूनच त्यांच्याकडून सगळं रनिंग दिसतं: ते बाहेर जाणारे चॅनल बघताहेत आणि ते खरंच चालू आहेत. त्यांच्याकडे येणारं कुणी पोचत नाही, हे त्यांना तिथून दिसत नाही.

तर दुरुस्ती ठाण्यात करायची. त्यांच्या क्यू मॅनेजरवर:

अल्टर चॅनल(टू.ठाणे) सीएचएलटाइप(क्लसआरसीव्हीआर) कॉननेम('….८७(१४१४)')

कॉननेम अवतरण चिन्हात द्यायचं हे त्यांना आवर्जून सांगा. आणि शक्य असेल तर आकड्यांऐवजी होस्टनेम टाकायला सांगा. पुढच्या वेळी मशिन हललं तर नोंद डीएनएस मध्ये बदलली की भागेल.

---

टोरांटोकर

मी इथे एका विमा कंपनीचा एमक्यू बघते, क्लस्टर बराच मोठा आहे. रिफ्रेशबद्दल माझं मत ठाम आहे म्हणून लिहितेय.

रिफ्रेश क्लस्टर म्हणजे त्या क्यू मॅनेजरने क्लस्टरबद्दल जमवलेली माहिती टाकून द्यायची आणि पुन्हा मागवायची. मधल्या वेळात चालू अ‍ॅप्लिकेशनला २०८५ किंवा २१८९ मिळू शकतात, म्हणजे क्यू सापडत नाही किंवा क्लस्टरमधून नाव सुटत नाही. मोठ्या क्लस्टरमध्ये रिपॉझिटरीवर ताण येतो तो वेगळाच. आणि तुमच्या बाबतीत फायदा शून्य. तुम्ही पुण्यात रिफ्रेश केलं असतं तर फुल रिपॉझिटरीने तुम्हाला पुन्हा .४१ च दिला असता, कारण तिच्याकडेही तोच आहे. तुम्ही दोन्हीकडच्या ओळी ताडून पाहिल्यात, तिथेच हे सिद्ध झालं.

कमांड वाईट नाही. फुल रिपॉझिटरीकडे बरोबर माहिती आहे, चॅनल चालू आहेत, आणि तरी एका साध्या क्यू मॅनेजरकडे जुनीच ओळ अडकलीय, अशा वेळी तिचा उपयोग होतो. पण आधी क्लसडेट आणि क्लसटाइम बघा, ती डेफिनिशन त्या क्यू मॅनेजरकडे कधी आली ते कळतं.

एक प्रश्न लोक नेहमी विचारतात: बंद केलेल्या क्यू मॅनेजरची ओळ जात का नाही? प्रत्येक क्यू मॅनेजर आपली माहिती २७ दिवसांनी पुन्हा कळवतो. ती ३० दिवस ग्राह्य असते आणि त्यानंतरही ६० दिवस राखून ठेवतात. म्हणून नीट निरोप न घेता डिलीट केलेला क्यू मॅनेजर तीन महिने रेंगाळतो. त्याच नावाने नवा बनवला की एकाच नावाच्या दोन ओळी. अशा वेळी क्यूएमआयडी बघा. त्यात नावामागे तो तयार झाल्याची तारीख-वेळ असते, त्यावरून जुना कोण ते ओळखायचं. मग फुल रिपॉझिटरीवरून रिसेट क्लस्टर, फोर्सरिमूव्ह (सक्तीने क्लस्टरबाहेर काढणं), आणि नावाऐवजी क्यूएमआयडी देऊन. नाव दिलं तर कोणता जाईल या विचारानेच माझे हात गार पडतात. तुमच्याकडे ठाण्याची एकच ओळ आहे, त्यामुळे तुम्हाला हे लागणार नाही.

---

रात्रपाळी_पुणे

झालं! ठाण्याच्या टीमला या धाग्यातलं पाटीचं उदाहरणच सांगितलं, लगेच पटलं. त्यांनी ४ वाजून १० मिनिटांनी अल्टर केलं. मी फुल रिपॉझिटरीवर डिस्प्ले क्लसक्यूएमजीआर(क्यूएम.ठाणे) कॉननेम देत बसलो होतो. काही क्षणांत .८७ दिसलं, लगोलग माझ्याकडेही.

पण स्टेटस रिट्रायिंगच. काकांचे १२०० सेकंद आठवले, म्हणून दुसरं काही बदललं नाही. स्टॉप चॅनल(टू.ठाणे) स्टेटस(इनअ‍ॅक्टिव्ह) दिलं, मग स्टार्ट चॅनल. बाइंडिंग, आणि पाठोपाठ रनिंग. डेप्थ ३८४० होती. दर वेळी क्यू बघितली की आकडा खाली, खाली, आणि मग शून्य. एकही मेसेज हरवला नाही.

एक शंका उरली. त्या क्यूत सगळ्यांचेच मेसेज एकत्र होते. ठाण्याचे किती आणि नागपूरचे किती, हे कसं ओळखायचं?

---

मेनफ्रेमकाका

शाब्बास. स्टॉपमध्ये स्टेटस(इनअ‍ॅक्टिव्ह) दिलंत तेही योग्य. ते न देता थांबवलात आणि स्टार्ट द्यायला विसरलात, तर चॅनल स्टॉप्डमध्येच बसून राहतो.

त्या क्यूतल्या प्रत्येक मेसेजच्या कोरिलेशन आयडीत चॅनलचं नाव असतं. एएमक्यूएसबीसीजी ने क्यू ब्राउज करा, मेसेज न काढता वाचता येतात. हेक्सच्या आकड्यांत ५४४F२E ने सुरुवात दिसली तर ते 'टीओ' आणि टिंब, पुढे चॅनलचं उरलेलं नाव.

---

टोरांटोकर

आणि हे मोजण्याची वेळच येऊ नये असं वाटत असेल तर ७.५ आवृत्तीपासून प्रत्येक चॅनलला वेगळी ट्रान्समिट क्यू देता येते. क्यू मॅनेजरवर डीईएफसीएलएक्सक्यू(चॅनल) करायचं. मग सिस्टिम.क्लस्टर.ट्रान्समिट. च्या पुढे चॅनलचं नाव अशा क्यू आपोआप तयार होतात, आणि कोणता चॅनल कोणती क्यू वापरतोय ते क्लसक्यूएमजीआर मध्येच एक्सएमआयटीक्यू या रकान्यात दिसतं. एक अडलं तरी बाकीच्यांचे मेसेज वेगळे राहतात आणि अलर्टमध्येच कळतं की अडलंय कोण.

पण प्रॉडक्शनवर आज रात्री नको. चालू चॅनल पुढच्या वेळी सुरू होतील तेव्हा नव्या क्यूवर जातात, साचलेले मेसेजही हलवले जातात. आधी लॅपटॉपवर करून बघा. डेव्हलपरसाठीची एमक्यू अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्ती फुकट आहे. तीन क्यू मॅनेजर बनवा, १४१४, १४१५, १४१६ वर लिसनर (येणारी जोडणी स्वीकारणारा प्रोग्राम) लावा, दोघांना फुल रिपॉझिटरी करा. मग तिसऱ्याचा लिसनर मुद्दाम दुसऱ्या पोर्टवर हलवा आणि कॉननेम तसंच ठेवा. आज पाहिलंत तेच समोर दिसेल, या वेळी दिवसाउजेडी.

---

रात्रपाळी_पुणे

रविवारी बसतो यावर. ठाण्याची टीमही म्हणाली, सर्व्हर हलवायच्या त्यांच्या यादीत आता क्लसआरसीव्हीआर च्या कॉननेमची ओळ घातली आहे.