आईबाबांचा विश्वास डळमळतो तेव्हा – तुमचे अनुभव लिहा

माझा धाकटा भाऊ जाऊन १४ महिने झाले. तेव्हापासून आईने पवित्र शास्त्र (बायबल) उघडलेलं नाही. आम्हाला पहाटे उठवून गुडघ्यांवर बसवणारी हीच बाई. आता घरात प्रार्थना सुरू झाली की उठून आतल्या खोलीत जाते. परवा म्हणाली, "तू कर गं प्रार्थना. माझं आणि त्याचं बोलणं बंद आहे." मला काही सुचलंच नाही.

लेकरांसाठी रडणाऱ्या आयांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. संत मोनिकाने ऑगस्टीनसाठी वर्षानुवर्षं अश्रू गाळले आणि इ.स. ३८७ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, हे संडे स्कूलपासून पाठ आहे. पण आईसाठी लेकराने कशी प्रार्थना करायची? ज्यांच्या घरात हे घडलंय त्यांनी लिहा. 'प्रभू सगळं ठीक करील' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते खूप ऐकून झालंय.

*

ताई, 'बोलणं बंद आहे' इथेच मी थांबले. जो नाहीच, त्याच्याशी कुणी अबोला धरत नाही.

माझे बाबा मंडळीत 'वडील' होते, म्हणजे चर्चचं काम पाहणारे. अनेक वर्षं वचन सांगितलं, आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना केल्या. आई गेली आणि त्यांनी उपासनेला येणं सोडलं. मी काय करावं? रोज सकाळी मोबाईलवर एक वचन पाठवायचे. दोनेक महिन्यांनी त्यांनी शांतपणे सांगितलं, "पोरी, ही वचनं मीच तुला शिकवली. मला पाठ आहेत. पाठ आहेत म्हणूनच जास्त टोचतात."

मी पाठवणं बंद केलं. पुढच्या भेटीत बायबलमधलं स्तोत्र १३ मोठ्याने वाचलं. पहिल्या दोन ओव्यांतच 'कोठवर?' असा प्रश्न चार वेळा येतो. मग ८८ वाचलं. बाकीच्या विलापाच्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी उजाडतं. ८८ मध्ये उजाडत नाही, ते अंधारातच संपतं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एवढ्या वर्षांत मी हे कधी कुणाच्या घरी वाचलं नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनीच पुन्हा वाचायला सांगितलं.

ते उपासनेला परत आले का, असं लोक विचारतात. कधी येतात, कधी नाही. मी मोजत नाही.

*

थोडक्यात लिहितो. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या इयोबाचे मित्र ७ दिवस आणि ७ रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते. तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि घोटाळा झाला. माझ्या वडिलांच्या बाबतीत मी आठव्या दिवसापासून सुरुवात केली होती.

*

मी पलीकडच्या बाजूने लिहितोय. विश्वास डळमळलेला बाप मीच.

मुलगा दीर्घ आजारी होता. तेव्हा आमच्यातल्याच एका गृहस्थांनी तोंडावर सांगितलं की तुमचा विश्वास कमी पडतोय, म्हणून उत्तर मिळत नाही. ते वाक्य माझ्या आत अजून आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायातला तो बाप आठवा. लेकराला घेऊन येतो आणि एका दमात सांगतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालव. येशूने त्याला 'आधी विश्वास पक्का करून ये' म्हणून परत धाडलं नाही. पोरगं त्याच अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर बरं झालं. (माझं पोरगंही सुधारलं, पण ते औषधांनी आणि खूप उशिरा. तरी मी लगेच विश्वासात परतलो नाही. लोकांना हे विचित्र वाटतं.)

मला काय उपयोगी पडलं ते सांगतो. थोरली मुलगी म्हणाली, "बाबा, मी तुमच्या वतीने म्हणते. तुम्ही नुसते बसा. आमेनसुद्धा म्हणू नका." पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उघडून खाली सोडलं ना, तिथे येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असं लिहिलंय. मी वर्षभर त्या बाजेवर होतो.

आणि काय लागलं तेही सांगतो. मला न विचारता माझं नाव सभेतल्या प्रार्थनेच्या विनंत्यांमध्ये घेतलं गेलं. त्यानंतर जो तो माझ्याकडे कीव केल्यासारखा बघायचा. मध्यस्थीची प्रार्थना जरूर करा, पण आईबापाची अब्रू सांभाळून. देवाला नाव ठाऊक आहे.

*

वरच्या सगळ्याला हो म्हणते, पण एक गोष्ट राहून जायला नको. तुमच्या आईला झोप लागते का? जेवण जातं का? माझ्या आईचं आम्ही कितीतरी दिवस 'विश्वासात थंड पडली' म्हणून चालवलं. उपवास-प्रार्थना केल्या. तिला पहाटे तीनला जाग यायची आणि ती भिंतीकडे बघत बसायची. शेवटी डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, उपचार सुरू झाले आणि हळूहळू फरक पडला.

संदेष्टा एलीया झुडपाखाली आडवा होऊन 'आता माझा जीव घे' म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. ऊठ, खा, एवढंच. तो पुन्हा झोपला, तर पुन्हा उठवून तेच. देवाशी बोलणं झालं ते ४० दिवसांनी, डोंगरावर. १ राजे १९ नीट वाचा. औषध घेणं म्हणजे अविश्वास, असं सांगणाऱ्या माणसाला आईजवळ फिरकू देऊ नका, मग तो कितीही मोठा प्रार्थना करणारा असो.

*

लिहू की नको, असं दोनदा झालं. कारण माझी साक्ष नाही, नुसता अनुभव आहे.

आम्ही कॅथलिक. पप्पांनी मिस्सेला जाणं सोडलं आणि शेवटपर्यंत गेले नाहीत. मी नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) केल्या, फादरांना घरी बोलावलं. पप्पा त्यांच्याशी क्रिकेटवर बोलले. शेवटच्या आजारपणात मी रात्री त्यांच्या उशाशी रोझरी, म्हणजे माळेचे मणी ओढत करायची प्रार्थना, म्हणायचो. ते डोळे मिटून पडलेले. एकदा मी पेंगलो आणि मणी थांबले. पप्पा म्हणाले, "अजून तीन राहिलेत." ते मोजत होते. का मोजत होते, मी विचारलं नाही.

मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा किती जणांना धक्का बसला होता. वर्षानुवर्षं आत काळोख आणि बाहेर काम चालूच. मला मात्र ते वाचून पप्पांच्या जवळ गेल्यासारखं वाटलं. ते 'वाचले' की नाही, असं कुणी विचारलं की मी विषय बदलतो.

*

आमच्या मम्मीला विस्मरणाचा आजार आहे. विश्वास आहे की गेला, हा प्रश्नच पुसला गेलाय. माझं नाव आठवत नाही. पण प्रभूची प्रार्थना मी सुरू केली की पुढचे शब्द तिच्या ओठांवर येतात. स्तोत्र ७१ मधली म्हातारपणी मला टाकू नकोस ही विनवणी आता मी तिच्या वतीने म्हणते.

*

कुणीतरी प्रत्यक्ष प्रार्थना लिहा, म्हणजे कामाला येईल, असं वाटलं. मी रोज रात्री सासऱ्यांसाठी म्हणते ती देते. भारी शब्द नाहीत.

"प्रभू, बाबा तुझ्यावर रागावले आहेत, तू ऐकलंच असशील. त्यांना गप्प करू नकोस. त्यांना बोलता येत नाही तिथे तुझ्या आत्म्याने कण्हावं. पेत्रासाठी तू विनंती केलीस, त्याचा विश्वास ढळू नये म्हणून, तशी यांच्यासाठीही कर. मला घाई करू देऊ नकोस. त्यांच्या जागी मी उत्तरं देऊ लागले तर माझं तोंड धर. आज त्यांना झोप लागू दे. आमेन."

झोपेचं मागणं मुद्दाम आहे. ते सकाळी कळतं.

*

मीच परत. सगळ्यांचं वाचलं, काहींचं दोनदा. आईची डॉक्टरांकडे वेळ घेतली आहे. तिने हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

काल रात्री ती आत पडली होती, दार अर्धं उघडं. मी बाहेर बसून ८८ वाचायला घेतलं. स्तोत्राच्या वर रचणाऱ्याचं नाव आहे, ते मी 'हेमन' असं वाचलं.

आतून आवाज आला, "हेमान."

मी परत पहिल्यापासून वाचलं. ती पुढे काही बोलली नाही. दारही लावलं नाही.