निवृत्तीचे वय: पोलीस आणि अग्निशमन दल

प्रश्न (राजवाडा, इंदूर): मध्य प्रदेशात 2018 मध्ये शासकीय कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय 60 वरून 62 झाले, गुजरातेत मात्र ते 58 आहे. धुरात शिरणाऱ्या जवानाला आणि पोलीस शिपायाला लिपिकाचाच नियम लावणे योग्य आहे का?

उत्तर १: माझे वडील पोलीस खात्यात होते. रंगपंचमीच्या गेरीच्या (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या) बंदोबस्तात दिवसभर उभे राहिल्यावर अखेरच्या वर्षांत त्यांचे गुडघे रात्रभर ठणकत. पण तपासात तरुण अधिकारी त्यांनाच विचारीत.

उत्तर २: ताई, म्हणूनच साठीनंतर वेतन न घटवता नियंत्रण कक्ष किंवा प्रशिक्षणाचे काम द्यावे, आणि शिडीवर चढणाऱ्यांची दरवर्षी शारीरिक चाचणी घ्यावी.

उत्तर ३: सहमत; मात्र त्यासाठी नवी भरती थांबवू नये, माझा भाचा तिचीच वाट पाहतो आहे.