घड्याळाचा झाला मोबाइल

बीबीसीच्या २०१०च्या 'शेरलॉक' या आजच्या काळात घडणाऱ्या मालिकेत आर्थर कॉनन डॉयलच्या मूळ शेरलॉक होम्स कथांचं काही उरलं नाही, हे मत पटत नाही. पहिल्याच भागातला मोबाइलचा प्रसंग बघा. 'द साइन ऑफ फोर'मध्ये (१८९०) होम्स आपला मित्र वॉटसन याला भावाकडून आलेलं खिशातलं घड्याळ तपासतो. किल्लीच्या भोकाभोवती ओरखडे, म्हणजे चावी देणारा हात दारूने थरथरणारा. मालिकेत तेच ओरखडे वॉटसनच्या मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकाभोवती आहेत. नाणी-किल्ल्यांसोबत खिशात टाकल्याचे चरेही तसेच. घड्याळावर कोरलेल्या एच. डब्ल्यू. या आद्याक्षरांचं इथे मोबाइलवर 'हॅरी वॉटसन' होतं, होम्स हॅरीला वॉटसनचा भाऊ समजतो आणि निघते बहीण, हॅरिएट! मूळ वाचलेल्यांसाठी केवढी सुंदर हुलकावणी आहे ही.

हरवलं ते एकच, पण मोलाचं. सावकारांनी घड्याळाच्या झाकणाच्या आत टाचणीच्या टोकाने कोरलेले गहाणाच्या पावत्यांचे चार क्रमांक. चारदा गहाण पडलं म्हणजे तंगी, पण सोडवलंही गेलं, म्हणजे अधूनमधून हाती पैसा येत होता. मोबाइलवर अशी खूण कुठून येणार?

जुनं लंडन, घोडागाड्या हव्या असतील तर ग्रॅनडा या ब्रिटिश टीव्ही कंपनीच्या मालिकेत होम्स झालेल्या जेरेमी ब्रेटना (१९८४ ते १९९४, ४१ भाग) तोड नाही. फक्त शेवटच्या भागांपासून सुरुवात करू नका, आजारपणामुळे ब्रेट त्यात थकलेले दिसतात. 'अ स्कँडल इन बोहेमिया' आधी बघा.