ऑडिटमध्ये शून्यच दिसलं पाहिजे, हा हट्ट कशासाठी?

अर्धविराम (धागाकर्ता)
डिपेंडन्सी स्कॅनरने (प्रोजेक्टमध्ये वापरलेल्या बाहेरच्या पॅकेजांतल्या सुरक्षा त्रुटी शोधणारं टूल) 'हाय' किंवा 'क्रिटिकल' दाखवलं की बिल्ड (कोडपासून सॉफ्टवेअर तयार करणं) फेल, अपवाद नाही, असा नियम हल्ली बऱ्याच टीम्समध्ये असतो. दिसायला कडक शिस्त. प्रत्यक्षात काय होतं बघा. बिल्ड टूलच्या पोटात दडलेल्या, आपण नावही न ऐकलेल्या एखाद्या पॅकेजात रेग्युलर एक्स्प्रेशनची (मजकुरात नमुना शोधणाऱ्या सूत्राची) त्रुटी सापडते: मुद्दाम रचलेली स्ट्रिंग दिली तर प्रोसेस अडकून पडते. शेरा 'हाय'. पण ती स्ट्रिंग देणार कोण? टूल फक्त आपल्याच रेपोतल्या फाइल्स वाचतं, सर्व्हरवर जातच नाही. म्हणजे हल्ला करायचाच तर आम्हीच आमच्यावर करायचा! तरी रिलीज अडतं. मग कोणीतरी वैतागून 'एनपीएम ऑडिट फिक्स'ला (जावास्क्रिप्ट पॅकेजांतल्या त्रुटी आपोआप दुरुस्त करणारी कमांड) 'फोर्स' लावतो, मेजर आवृत्ती बदलते आणि चांगलं चाललेलं बिल्ड मोडतं.

सीव्हीएसएसचा (त्रुटींना १० पैकी गुण देणारी पद्धत) मूळ आकडा त्रुटी किती गंभीर ते सांगतो. ती तुमच्या प्रोजेक्टमध्ये कुठे बसलीय हे त्याला ठाऊक नसतं. तो कोड प्रॉडक्शनमध्ये (वापरकर्त्यांसाठी चालणाऱ्या सिस्टिममध्ये) जातो का आणि बाहेरचा डेटा तिथवर पोचतो का, हे पाहून मगच बिल्ड अडवा. गो भाषेतलं गव्हल्नचेक हे स्कॅनर तर सदोष फंक्शनपर्यंत तुमचा कोड पोचतो का, हेही तपासतं.

खिळेठोक
असहमत. 'बाहेरचा डेटा पोचतो का' हे कागदावर सोपं. लॉगफोरजे या जावा लायब्ररीचं काम काय, तर लॉग (सर्व्हरवरच्या घडामोडींची नोंद) लिहिणं. पण युजर-एजंटमध्ये (ब्राउझर सर्व्हरला आपली ओळख सांगतो तो मजकूर) जेएनडीआय लुकअपची (दिलेल्या पत्त्यावरून काही मागवणारी जावाची सोय) एक ओळ घातली आणि सर्व्हरने ती लॉग करायला घेतली की बाहेरून आणलेला कोड चालायचा. ही त्रुटी उघड झाली त्या डिसेंबर २०२१ च्या आधी लॉगिंगकडे या नजरेने किती जण बघत होते?

अर्धविराम
उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत. ती त्रुटी १० पैकी १० ची, प्रॉडक्शनमधली, बाहेरचा मजकूर थेट घेणारी. माझ्या चाळणीत ती पहिल्या फेरीतच अडकते. उलट रोज चाळीस निरर्थक इशारे बघणाऱ्याच्या नजरेतून एक्केचाळिसावा खरा इशारा निसटतो.

खिळेठोक
ठीक, ती अडकली असती. पण पुढचं बघा. लॉगफोरजेच्या २.१५.० आवृत्तीतली दुरुस्ती अपुरी निघाली, म्हणून २.१६.०, मग २.१७.०, मग २.१७.१. सगळं त्याच एका महिन्यात. ज्यांना आवृत्ती बदलायची सवय होती त्यांनी चार वेळा बदलली. ज्यांनी वर्षानुवर्षं 'आपल्याला लागू नाही' म्हणत अपडेट टाळले होते, ते आधी जारच्या (जावाच्या पॅकेज फाइलच्या) आत दडलेले जार शोधत बसले. शिवाय हा इशारा लागू नाही हे सिद्ध करायला जाणारा अर्धा दिवस कोण मोजतं? पॅच आवृत्ती चढवून टेस्ट चालवायला त्याहून कमी वेळ लागतो.

कंसातली
तुम्ही दोघंही नवी आवृत्ती म्हणजे सुरक्षित आवृत्ती असं धरून चाललाय. २०२४ मध्ये एक्सझेड या लिनक्सवरच्या कॉम्प्रेशन टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोअर (मुद्दाम ठेवलेली चोरवाट) सापडलं. तेव्हा जुन्या आवृत्तीवर असलेले लोक बचावले. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक, डीबग यांसारख्या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या मेंटेनरला फिशिंगने गंडवून त्यांच्या नावावर घातक आवृत्त्या टाकल्या गेल्या. अशा वेळी लॉकफाइल (कोणती आवृत्ती घ्यायची ते पक्कं करणारी फाइल) न बघता 'लेटेस्ट' ओढणाराच आधी सापडतो. पीएनपीएम या पॅकेज मॅनेजरमध्ये आता आवृत्तीच्या किमान वयाची अट घालता येते. नवी आवृत्ती थोडे दिवस मुरू द्या, मग घ्या.

खिळेठोक
नेहमीच्या अपडेटला मान्य. सुरक्षेच्या दुरुस्तीला मात्र ही सबब नको. स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कमधल्या त्रुटीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये आली होती. इक्विफॅक्स या अमेरिकी क्रेडिट कंपनीत हल्लेखोर मे महिन्यात त्याच भोकातून शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली.

कंसातली
मी दोन महिने कुठे म्हटलं? आठवडाभर म्हणतेय. आणि त्रुटीचा गैरवापर प्रत्यक्ष सुरू झालाय असं कळलं, उदाहरणार्थ सीसा या अमेरिकी सायबरसुरक्षा संस्थेच्या केईव्ही (गैरवापर होत असलेल्या त्रुटींच्या) यादीत ती आली, तर तेवढंही थांबू नये.

खिळेठोक
धागाकर्त्याच्या पद्धतीतली माझी खरी अडचण वेगळीच आहे. दुर्लक्ष करायच्या इशाऱ्यांची फाइल उघडून बघा. 'डेव्ह डिपेंडन्सी (फक्त डेव्हलपमेंटपुरतं पॅकेज), नंतर बघू'. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, पत्ता नाही. मधल्या काळात तेच पॅकेज कोणीतरी प्रॉडक्शनच्या कोडमध्ये वापरायला घेतलेलं असतं, आणि इशारा तर आधीच गप्प केलेला! प्रत्येक नोंदीला कारण, नाव आणि मुदत हवी. मुदत संपली की बिल्ड पडलं पाहिजे. हे असेल तर तुमची चाळणी चालेल.

अर्धविराम
कारण आणि मुदत मान्य. नाव टीमचं लिहा, माणसाचं नको. व्यक्तीचं नाव टाकायचं म्हटलं की कोणी नोंदच करणार नाही, सरळ 'फोर्स' मारून मोकळे होतील.

खिळेठोक
टीमचं नाव म्हणजे कोणाचंच नाही. इथे आपलं जमणार नाही.