भांडण मिटवायला डिग्री लागते?

चार_आणे_हिस्सा: काल ‘पारावरचा’ यांनी लिहिलं, भाची इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठात शांतता अभ्यास शिकायला निघालीय आणि त्यांचे आजोबा हेच काम पारावर एका चहात करायचे. वाचून डोकं फिरलं. आजोबा निवाडा द्यायचे हो, मध्यस्थी नव्हे! माझी नि दादाची सामाईक विहीर. पंचांनी ‘तीन-तीन दिवस पाळी’ सांगून हात झटकले. महिनाभरात कुदळी निघाल्या. पुढे कोर्टाने मध्यस्थी केंद्रात पाठवलं. तिथल्या बाईंनी दोघा भावांना वेगवेगळं बसवून एवढंच विचारलं, ‘पाणी कधी हवंय?’ दादाचे गुडघे गेलेत, रात्री बिबट्याची धास्ती. मी दिवसभर शाळेत. मग रात्रीची लाईट असेल तो आठवडा माझा, दिवसाची त्याचा. अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

पारावरचा: बाईंचं शिक्षण? वकिली, वर ४० तासांचं प्रशिक्षण. ४० तासांत जमतं तर भाचीने घर गहाण का टाकावं? आणि शिकवतात काय, दोन बहिणी नि एक संत्रं. विचारल्यावर कळतं, एकीला साल हवं, दुसरीला गर. आमच्या वरुडला या. संत्र्यावरून भांडण फक्त व्यापाऱ्याशी होतं, तेही भावावरून.

काळा_कोट: ४० तासवाले मी रोज बघतो. काहींना मध्यस्थ आणि स्वतः निकाल देणारा लवाद यातला फरक कळत नाही. ‘द्या पन्नास हजार, मिटवा’ ही त्यांची मध्यस्थी! बार कौन्सिलने २०२० मध्ये एलएलबीला हा विषय सक्तीचा केला तो उगाच नाही. आणि ब्रॅडफर्डचे पहिले प्राध्यापक ॲडम कर्ल नायजेरियातून फुटलेल्या बियाफ्राच्या युद्धात दोन्ही बाजूंकडे खेटे घालून आलेले होते.

पारावरचा: आधी खेटे, मग खडू. माझंच म्हणणं! ते युद्ध तरी मिटलं कसं? १९७० ला बियाफ्रा शरण गेलं. इथे आर. आर. आबांनी २००७ ला गावातले तंटे गावातच मिटवायची तंटामुक्ती मोहीम आणली, डिग्रीशिवाय गावं शांत झाली.

माहेरची_वाट: तंटामुक्तीचं नाव नका काढू. नवऱ्याने हात मोडला, मी तक्रार दिली. समितीचे चौघे ओसरीवर येऊन बसले. ‘ताई, यंदा बक्षीस यायचंय, तुझ्यामुळे गुण जातील.’ प्लास्टरमधल्या हाताने अंगठा दिला. बक्षीस आलं, कमान रंगवली.

पारावरचा: एका गावावरून योजनेला शिव्या? आमच्याकडे बांधाचे चौदा वाद मिटले, मी स्वतः बसलो होतो.

माहेरची_वाट: त्या चौदांत बाया किती बसल्या होत्या?

पारावरचा: विषयांतर करू नका.

काळा_कोट: विषयांतर तुम्हीच केलंत, साहेब. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक, म्हणजे गाव-वस्तीतल्या वादांच्या मध्यस्थीला तीन मध्यस्थ लागतात, आधी सगळ्यांची संमती लागते, आणि तो समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही. मारहाणीचा विषय ओसरीवर दाबणं म्हणजे मध्यस्थी नाही, कुठल्याच वर्गात नाही.

पारावरचा: बरं बाबा. बाया नव्हत्या. पोरीला जाऊ दे ब्रॅडफर्डला, येऊन मलाच शिकवेल. विहिरीचं काय, सुखाने चाललंय ना?

चार_आणे_हिस्सा: गेल्या महिन्यात मोटार जळाली. करारात पाळी आहे, रिवाइंडिंगचा खर्च कुणी करायचा ते लिहायचं राहिलं. दादा म्हणतो, जळाली तुझ्या आठवड्यात.