मदत हवी आहे: मध्यंतरानंतर मुलींचा दम संपतो, महिनाच हातात आहे

सड्यावरचा: मुलींचा कबड्डी संघ बघतो. मध्यंतरापर्यंत आघाडी असते, नंतर चढाईला गेलेल्या पोरीचे पायच उचलत नाहीत. रोज धावणं चालू आहे तरी ही गत. दोघींच्या नडग्या दुखतायत. निवड चाचणी महिन्यावर आलीय. नेमका व्यायाम सांगा.

कोपरारक्षक: वय? किती धावतात, कशावर?

सड्यावरचा: १४ ते १७. बंदरापासून वरच्या वाडीपर्यंत डांबरी रस्ता, जाऊन-येऊन ५ किलोमीटर. अर्धा चढ.

देवबागकर: पोरींका पुळणीर पळवा! आम्ही अनवाणी पुळणीत पळूनच खेळलो, एकाची नडगी दुखली नाही.

कोपरारक्षक: महिनाभरासाठी एकदम पुळण नको. कोरड्या वाळूत कडक जमिनीपेक्षा दीडपट तरी ताकद जाते, पोटऱ्या भरून येतात. शिवाय किनारा उतरता, एक पाय सतत खाली. आणि ५ किलोमीटर हवेतच कशाला? चढाई ३० सेकंदांची असते. मैदानातच पुढे-मागे, आडवं सरकत ३० सेकंद जीव तोडून, मग ९० सेकंद चालायचं. ६ फेऱ्या, पुढच्या आठवड्यात ८. आठवड्यातून दोनदा पुरे. दुखणाऱ्या दोघींचं धावणं बंद.

देवबागकर: ओहोटीची ओली, घट्ट वाळू म्हणतोय मी. ती कुठे पाय ओढते?

नाचणीप्रेमी: सकाळी नाचणीची आंबील द्या. कॅल्शियम भरपूर.

जुनी चढाईपटू: सर, हिमोग्लोबिन तपासलंय का? दहावीत माझंही असंच व्हायचं. दुसऱ्या डावात डोळ्यांपुढे अंधारी, आणि सगळे म्हणायचे आळशी झालीय. रक्त तपासलं तर ८.५. १२ च्या खाली गेलं की कमीच. पाळी नियमित येते का, तेही एखाद्या बाईंना विचारायला सांगा. आणि नडगीवर बोट फिरवून बघायला सांगा. लांबवर ठणकत असेल तर विश्रांतीने उतरतं. एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, रात्रीही दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तिला अजिबात खेळवू नका.

सड्यावरचा: आत्ता दोघींच्या घरी फोन केला. एकीला बोटाएवढ्याच जागी दुखतं, रात्री झोप लागत नाही. संघातून काढतील म्हणून बोलली नव्हती. उद्या पहिल्या एसटीने तिला आणि तिच्या आईला घेऊन रत्नागिरीला जातो. बाकीच्यांचा रस्ता बंद, ३० सेकंदांचं परवापासून. रक्त सगळ्यांचंच तपासून घेतो.